सिस्टरचा डोह

सिस्टर, तुमच्या मातीला मी आलो नाही असं गावात सगळे समजतात. मी आलो होतो. जळकोटच्या फाट्यावर जीपमधून उतरलो आणि तिथून चालत आलो. तुम्हाला फुलं लावलेल्या खुर्चीत बसवून आणलं, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीमागं होतो. कपाळाला भस्म, गळ्यात बेलाची पानं, मान जराशी डावीकडं कललेली. तळ्यावर गळ टाकून बसल्या बसल्या दुपारी डोळा लागला की तुमची मान अशीच कलायची. क्षणभर मला वाटलं, आता दोरीला हिसका बसेल आणि तुम्ही दचकून उठाल. स्वामींनी मंत्र म्हटले. लोक एकेक करून माती टाकायला पुढं झाले. मी झालो नाही. तुमच्या भाच्यानं मला बघितलं बहुतेक, पण हाक मारली नाही. माती टाकायचा मला हक्क आहे का नाही, ह्याचा विचार करेपर्यंत खड्डा भरून गेला.

त्याला आता नऊ दिवस झाले. मी संस्थेचा सचिव, प्रोसिडिंग लिहायची सवय असलेला माणूस. सभा किती वाजता सुरू झाली, हजर कोण, गैरहजर कोण, सूचक, अनुमोदक. तुमच्याबद्दल तसं लिहायला बसलो आणि गैरहजर ह्या शब्दाशी थांबलो. तिथं एकच नाव लिहायचं होतं, माझंच. म्हणून आता जसं आठवतंय तसं लिहितोय. तुम्ही वाचणार नाही हे कळतंय. जिवंत होतात तेव्हा दोन ओळी लिहिल्या नाहीत, आता पानं भरतोय.

मी नववीत होतो तेव्हा अण्णांचा, माझ्या वडिलांचा, उजवा हात गेला. इंजिनाच्या पट्ट्यात सापडला, असं आम्हा पोरांना सांगितलं होतं. दोन बोटं तुटली, तिसरं वाकडं राहिलं. आपल्या गावच्या उपकेंद्रात तुम्ही तेव्हा नवीन होतात, सास्तूरहून बदलून आलेल्या. भूकंपाच्या वेळी तुम्ही तिथं होतात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल तुम्ही एक शब्द बोलत नाही हेही. महिनाभर अण्णा रोज सकाळी तुमच्याकडं पट्टी बदलायला जायचे. फुकट पट्टी बांधून घ्यायची त्यांना लाज वाटायची. मासा द्यावा तर तुम्ही लिंगायत, तुमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. शेवटी एका रविवारी ते म्हणाले, "सिस्टरबाई, तळ्यावर चला. मला दुसरं काय येत न्हाय. गळ टाकायला शिकवतो."

आणि तुम्ही खरंच आलात. पांढरी साडी, पायात दवाखान्यातली रबरी चप्पल. अण्णा तुटक्या हातानं गळाची गाठ मारून दाखवत होते आणि तुम्ही धडधाकट हातांनी चुकत होतात. तिसऱ्या रविवारी एक रोहू लागला. तो हातात तडफडायला लागला तशी तुम्ही कन्नडमध्ये किंचाळलात, मग हसलात, मग त्याच्या तोंडातनं गळ काढून त्याला पाण्यात धरलंत आणि म्हणालात, "होगव्वा, होग." जा बाई, जा. अण्णा कपाळाला हात लावून बसले. "सोडला? आवो सोडला?"

"मग काय करू मामा, घरी नेऊन पूजा करू?"

तो किस्सा गावात वर्षभर पुरला. न खाणारी बाई मासे धरते आणि सोडून देते. तुमची पुढं बदली झाली, आणखी दोनदा झाली, तुम्ही रिटायर झालात, जळकोटला घर बांधलंत, आणि मग दर रविवारी स्कूटीला काठी बांधून परत येऊ लागलात. गांडूळ टोचायला तुमचा हात होत नव्हता. एक रबरी बेडूक तुम्ही कुठूनतरी मागवला होता, त्याला बघून आमच्या गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. गळाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो, ज्यामुळं मासा सुटत नाही, तो तुम्ही कानशीनं घासून काढायच्या. "सुटला तर सुटू दे. त्याला पण एक चान्स पाहिजे ना रे."

माझ्या बायकोनं, सुमननं, तुम्हाला एकदा तोंडावर विचारलं होतं. नवीन लग्न झालेली, बाजारात मासे विकणारी पोरगी, तिला भीड कुठली. "सिस्टर, खायचं न्हाय तर त्या जिवाला टोचायचं तरी कशाला?" तुम्ही गळ परत पाण्यात टाकलात. मग म्हणालात, "सांगते कधीतरी." ते कधीतरी आलं नाही. मी माझ्या परीनं उत्तरं जुळवून बघितली आहेत, त्यातलं एकही तुमच्या तोंडात बसत नाही.

मी बारावी झालो, तलाठ्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालो आणि मच्छीमार संस्थेचा सचिव झालो. संस्था म्हणजे आम्हा भोयांचीच घरं. कागदावर तलावातल्या मासेमारीचा हक्क संस्थेचा. पण तळ्यात बीज सोडायला, जाळी घ्यायला, होडी दुरुस्त करायला संस्थेकडं काही नसायचं. ते सगळं सोलापूरकडचा एक ठेकेदार घालायचा आणि निघालेला मासा त्याच्याच टेम्पोत जायचा. आम्ही आमच्याच तळ्यावर त्याच्या रोजानं जाळं ओढायचो. ह्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटत नव्हतं. घरोघर चूल पेटत होती.

जाळ्याचं भोक बारीक होत चाललंय हे आमच्याआधी तुम्हाला दिसलं. बांधावर वाळत टाकलेल्या जाळ्यात तुम्ही बोटं घालून बघितलीत. पूर्वी चार बोटं जायची, आता दोनही जाईनात. "दत्ता, ह्यातनं पिल्लू तरी सुटतंय का रे?" मी हसण्यावारी नेलं. मग श्रावणातल्या एका दुपारी तुम्ही मला ओढ्याच्या तोंडाशी नेलंत. ओढा जिथं तळ्याला मिळतो तिथला तो डोह, कडेनं लव्हाळं, छातीभर पाणी.

"चप्पल काढ. बोलू नको."

पाण्यावर मूठभर कुंकू सांडावं तसा लालसर ठिपका होता आणि तो हलत होता. मरळीची पिल्लं. शेकडो, एकमेकांना चिकटून, श्वास घ्यायला वर येऊन परत खाली जाणारी. त्यांच्या खाली काळपट सावली फिरत होती, आणि जरा अंतरावर दुसरी.

"आई आन् बाप," तुम्ही कुजबुजलात. "आता इथं काय पण टाकलं तरी लागंल. भुकेनं न्हाय. पोरांजवळ काय आलं म्हणून चावायला येतात ती."

"आन् ह्यांना काढलं तर?"

"मग पिल्लं संध्याकाळपर्यंत संपली."

मी भोयाचा पोरगा. मला हे माहीत नव्हतं असं नाही. अण्णांनी लहानपणी ह्याच जागी मला हेच दाखवलं होतं. पण मी सचिव झाल्यापासून त्या बाजूला वाकून बघितलं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही सभेला आलात. शाळेच्या व्हरांड्यात, चेअरमन नागनाथतात्या खुर्चीवर, आम्ही सतरंजीवर, तुम्ही आणि तुमच्याबरोबर रविवारी गळ टाकायला येणारे तिघं गाडीवाले हौशी लोक भिंतीला टेकून. तुमचं मागणं तीन गोष्टींचं होतं. विणीचे दोन महिने जाळंही बंद आणि गळही बंद. चार बोटांपेक्षा बारीक भोकाचं जाळं तळ्यात नको. आणि ओढ्याच्या तोंडचा डोह वर्षभर तसाच ठेवायचा, तिथं कुणीच हात लावायचा नाही.

सभेत गलका झाला. पोट भरलेल्या माणसाला मासा परत सोडायला काय जातंय, असं कुणीतरी म्हणालं. ठेकेदाराचा माणूस दारात उभा राहून ऐकत होता. मी उठलो. बोलायला मला येतं, आणि त्या दिवशी मला ते दाखवायचं होतं. "सिस्टर, तुम्ही रविवारी येता. आमी सोमवारी पण इथंच असतो."

टाळ्या पडल्या. मला अजून त्या टाळ्या आठवल्या की बरं वाटतं, हे तुम्हाला खरं सांगतो.

तुम्ही टाळ्या थांबेपर्यंत थांबलात. "म्हणून तर म्हणते, दत्ता. माझा रविवार बुडाला तर मी घरात बसंन. तुमचा सोमवार बुडाला तर तुमी कुठं बसणार?"

ह्यावर कुणी टाळी वाजवली नाही. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "एक साल करून बघू." ठराव माझ्या अक्षरात आहे.

सिस्टर, आपलं भांडण तिथंच मिटलं असतं तर बरं झालं असतं. ते मिटलं नाही आणि आता मिटायचंही नाही. तुमचं बरोबर होतं. पण दोन महिने जाळं बंद म्हणजे दोन महिने चुलीवर काय ठेवायचं, ह्याचं उत्तर तुमच्याकडंही नव्हतं. बंदीच्या काळात संस्थेच्या लोकांना काही मदत मिळावी म्हणून तुम्ही मला घेऊन कचेरीत तीन वेळा गेलात. अर्ज टाइप करून घेतलात, पोच घेतलीत, ती पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीत. उत्तर आलं नाही. तिसऱ्या खेपेला परत येताना एसटीत तुम्ही म्हणालात, "मला वाटलं होतं सांगितलं की समजंल लोकांना." मी म्हणालो, "समजतंय की. पण समजून काय करायचं?" तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत.

ते एक साल मात्र चांगलं गेलं. हे मी खोटं सांगत नाही, लोकांना विचारा म्हणावं तर आता कबूल करणारं कुणी उरलं नाही. बंदी उठल्यावर जाळं पडलं तर हाताएवढे कटले निघाले, मरळ निघाली, सुमननं बाजारात टोपलं दुपारच्या आत रिकामं केलं. लोक त्या डोहाला सिस्टरचा डोह म्हणायला लागले, ठराव पुढच्या सालालाही तसाच ठेवला. अण्णांना आता चालवत नव्हतं, ते बाजेवर पडून असायचे. तुम्ही दर रविवारी तळ्यावरून येताना त्यांचं बीपी बघायला यायच्या आणि डोहात काय दिसलं त्यावर तुम्ही दोघं तास-तास बोलत बसायचात. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकायचो.

पुढच्या साली पावसानं दगा दिला. तळं अर्ध्यावर राहिलं. ठेकेदार म्हणायला लागला, पाणी आटायच्या आत मासा काढा, नाहीतर मी जाळी उचलतो आणि दुसऱ्या तळ्यावर जातो. विणीचे दिवस आले तरी मी ठरावाकडं बोट दाखवत कसेबसे काही आठवडे काढले. आणि मग एका रविवारी ती गोणी सापडली.

बंदी चालू असताना तुमच्या त्या तिघांतला एकजण गाडी घेऊन आला होता. गाभोळीनं पोट फुगलेल्या माशांची गोणी त्यानं लव्हाळ्यात लपवली होती. राखणदाराला बघून तो गाडीत बसून पळाला. गोणी राहिली. आणि बांधावर तुम्ही राहिलात, एकट्या. तुमची काठी तर तुम्ही त्या दिवशी पाण्यात टाकलीही नव्हती. बंदीच्या दिवसांत तुम्ही नुसत्या बघायला यायच्या, पण काठी सवयीनं स्कूटीला बांधलेली असायची.

लोक चिडले. मीही चिडलो, आणि ते चिडणं खरं होतं. आमचं जाळं उपाशी वाळतंय आणि हौशी लोक गोण्या भरतायत. ठेकेदारानं तेवढंच धरलं. "तक्रार द्या. एकदा ठाण्यात नेऊन बसवलं की ही सगळी मंडळी परत तोंड दाखवणार न्हाईत. मग तुमचा ठराव पण गेला आणि माझी कटकट पण गेली." मजकूर त्यानं सांगितला. मी चांगल्या अक्षरात उतरवला आणि सचिव म्हणून सही केली. गोणी तुमची नाही हे मला माहीत होतं. लिहितानासुद्धा माहीत होतं. त्या कागदावर तुमचं एकटीचं नाव होतं, कारण दुसरं नाव आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

ठाण्यातला हवालदार भला माणूस होता. त्यानं तुम्हाला खुर्ची दिली. पण त्याला प्रश्न विचारणं भाग होतं. "मासे कुठं विकता, बाई?"

"मी खातसुद्धा न्हाय हो," तुम्ही म्हणालात.

"मग गोणी कुणाची?"

"माझी न्हाय."

"कुणाची ते सांगा आणि घरी जावा. कशाला इथं बसताय?"

"नाव मी सांगणार न्हाय. त्याला जे बोलायचं ते मी बोलेन."

दुपार झाली, तुम्ही बसून राहिलात. पाणी मागितलंत, चहा घेतला नाहीत. काठी टेबलामागं भिंतीला उभी केली होती, तिच्या टोकाला तो रबरी बेडूक लोंबत होता आणि येणारे-जाणारे त्याला बघून हसत होते. हवालदारानं तक्रारीचा कागद तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही चष्मा लावला. पहिल्या ओळीवरच तुमची नजर थांबली, मग तुम्ही मान वर करून मला शोधलंत. मी दाराशी उभा होतो.

"अक्षर छान झालंय रे तुझं," तुम्ही म्हणालात.

त्यात टोमणा असता तर मी आज तो सांगून मोकळा झालो असतो. टोमणा नव्हता. उपकेंद्रात मी अण्णांबरोबर यायचो तेव्हा माझी वही बघून तुम्ही जसं बोलायच्या, तसंच बोललात. मग समज देऊन तुम्हाला सोडलं. काठी ठेवून घेतली.

संध्याकाळी घरी आलो तर अण्णा बाजेवर उठून बसलेले. गावातून कुणीतरी सांगून गेलं होतं. त्यांनी मला समोर बसायला लावलं आणि तो तुटका हात माझ्यापुढं धरला.

"हे कशानं झालं?"

"पट्ट्यानं."

"पट्ट्यानं न्हाय. जिलेटिननं. विहिरीच्या कामावरचं चोरून आणलं व्हतं, डोहात मारायला. हातातच उडालं." त्यांचा श्वास लागला होता. "सिस्टरनं बघितलं आन् वळखलं. तिला पोलिसात कळवायचं व्हतं, तिच्या नोकरीचा नियमच व्हता तो. मी पाय धरले. तिनं रजिस्टरात पट्टा लिवलं. आन् म्हणाली, मामा, परत त्या डोहात बार टाकला तर मी स्वतः तुमाला घेऊन जाईन ठाण्यात." ते थांबले. "माझं नाव तिनं कागदावर घातलं न्हाय. तू तिचं घातलंस."

सिस्टर, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. सभेत मी टाळ्या घेत होतो तेव्हा नाही. ठाण्यात तर एका वाक्यात मला जमिनीत गाडता आलं असतं, तेव्हाही नाही.

त्या संध्याकाळी जळकोटला जाणारी बस माझ्या दारावरून गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. मी बसलो नाही. म्हटलं, चार दिवस जाऊ द्यावेत. त्या चार दिवसांत सभा झाली, ठराव रद्द झाला, आणि डोहात जाळं पडलं.

तो दिवस तुम्ही बघितला नाहीत ते बरं झालं. दोन बोटांचं जाळं दोन्ही कडेनं ओढत आणलं. अर्ध्या डोहातच ते जड झालं, माणसं आरडाओरडा करत होती, पोरं नाचत होती. मरळीच मरळी. दणकट, काळ्या पाठीच्या, चिखलात उसळ्या मारणाऱ्या. टेम्पो भरला. लोक खूश होते, मीही वही घेऊन टेम्पोशी उभा होतो. सगळे गेल्यावर मी काठावर गेलो. लाल ठिपके पाण्यावर तसेच होते, तीन-चार ठिकाणी. खाली काही फिरत नव्हतं. बारकी चिलापी मासळी कडेकडेनं त्यांच्यात घुसत होती, वरून धीवर पक्षी सूर मारत होता. ठिपका फाटायचा, परत एक व्हायला बघायचा. मी खडे मारून चिलापीला हुसकलं. किती वेळ हुसकणार? दिवस मावळायच्या आत पाणी नुसतं पाण्याच्या रंगाचं झालं.

अण्णा त्याच थंडीत गेले. त्यांच्या मातीला तुम्ही आलात, सरळ चालत, सगळ्यांसमोरून. त्यांच्या पायावर हात ठेवलात. मग माझ्याजवळ येऊन विचारलंत, "बीपीच्या गोळ्या घेत होते ना रे?" मी म्हणालो, घेत होते. घेत नव्हते, सिस्टर. तुम्ही यायच्या बंद झालात त्या रविवारपासून त्यांनी गोळ्या तोंडात घातल्या नाहीत. सुमननं हातापाया पडून बघितलं. तुम्ही मान हलवलीत, माझ्या खांद्याला हात लावलात आणि गेलात. त्या वेळी, चार पावलं तुमच्या मागं येऊन, मला सगळं बोलता आलं असतं.

नंतर एकदा आलो होतो. तुम्ही आजारी आहात असं कळलं होतं. तुमच्या फाटकाची कडी काढली. आत तुम्ही कुणाशीतरी कन्नडमध्ये बोलत होतात, आवाज बारीक झाला होता, पण तुम्ही हसत होतात. मी कडी परत लावली. तुम्ही हसताय तर कशाला, असं स्वतःला सांगितलं. भित्रा माणूस दुसऱ्याच्या सुखाचं कारण फार लवकर शोधून काढतो.

तळ्याचं काय झालं हे तुमच्या कानावर आलं असेलच. पुढच्या साली मरळ मोजकी निघाली, त्याच्या पुढच्या साली निघालीच नाही. कटला, रोहू वाढायच्या आतच जाळ्यात आले. मग नुसती चिलापी, बोटाएवढी, काट्यांची. ठेकेदारानं सांगितल्याप्रमाणे जाळी उचलली आणि दुसऱ्या तळ्यावर गेला, ठराव मोडूनही आम्ही त्याला राखू शकलो नाही. आमची अर्धी घरं साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळीत गेली. तुमची काठी सोडवून आणायला मी ठाण्यात गेलो होतो, तुम्ही गेल्यानंतर, चौथ्या दिवशी. ती कुणाला सापडली नाही.

परवा संस्थेची सभा झाली. हजर सात. नवीन एकजण तळं मागतोय, त्याला कसलीच अट नको आहे. मी उभा राहिलो. म्हणालो, दोन वर्षं सगळं बंद ठेवू. जाळं नको, गळ नको, डोहाला हात नको. मरळीचं बीज आणून सोडू आणि तिच्या वाटेला जायचं नाही. बोलताना माझा आवाज कापत होता, तो तुमच्यासाठी कापतोय हे सगळ्यांना कळलं, म्हणून कुणी हसलं नाही. मी अनुमोदक कोण म्हणून विचारलं.

नागनाथतात्या खूप थकलेत आता. ते हळूच म्हणाले, "दत्ता, बंद करायला तिथं हाय काय?"

तुमच्याकडं ह्याला उत्तर असतं. सूचनेला अनुमोदन मिळालं नाही, असं लिहून मी खाली बसलो.

काल जळकोटचा बाजार होता. सुमन अजून मासे विकते. मासा आंध्रातून येतो, थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात घालून. पहाटेच्या गाडीनं फाट्यावर खोकं उतरतं, आम्ही दोघं ते उचलून बाजारात नेतो. तळ्याच्या काठावर राहणारी माणसं आम्ही, तीन दिवसांपूर्वी मेलेला मासा विकतो. काल गर्दी कमी होती. एक म्हातारी आली, डोळ्याला जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. तिनं कटला बोटानं दाबून बघितला आणि विचारलं, "आपल्या तळ्याचा हाय न्हवं, बाई?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. मग म्हातारीकडं बघून म्हणाली, "व्हय मावशी. तळ्याचाच."

मी माशाच्या अंगावरचा बर्फ हातानं पुसून काढला आणि तो तिच्या पिशवीत घातला.